मौलानांना लिहिलेली अर्धी चिठ्ठी

आम्ही पुण्याचेच, माझ्या अब्बांचे अब्बासुद्धा इथेच अत्तर विकायचे, त्यामुळे तुमचं गाव कुठलं असं कोणी विचारलं की मला सांगताच येत नाही. शाळा माझी तिसरीत सुटली. आई सातव्या बाळंतपणात गेली, दोन बाळंतपणांत वर्षाचंसुद्धा अंतर नसायचं तिला, आणि मी थोरली, मग घर माझ्याकडे आलं. वाचायला मी शिकले बुधवार पेठेतल्या पाट्यांवरून आणि लिहायला शिकले साड्यांच्या चिठ्ठ्यांवरून, कारण लग्नानंतर चाळीस वर्षं मी फॉल-पिको केलं, प्रत्येक साडीला चिठ्ठी टाचायची, जोशीबाई, हिरवी, गुरुवारी. थोडक्यात लिहायची सवय लागली ती तिथे, आणि तीच एकदा नडली बघा. बोलायला मात्र मी अशी, ते तुम्हाला दिसतंच आहे.

मुलगा इरफान हिंजवडीला नोकरीला लागला तेव्हा आम्ही वारज्याला राहायला आलो. सून नसरीन, नगरची, गुणाची पोरगी, पण अतिशय भिडस्त. तिची पहिली मुलगी ऑपरेशन होऊन झाली, रक्त फार गेलं, डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं की दोन वर्षं तरी दुसरं नको, जिवाशी खेळ होईल. आणि बाळ सहा महिन्यांचं असताना, एका सोमवारी सकाळी मी मशीनवर बसलेली, ही माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली. तोंडाकडे बघून बोलवत नव्हतं तिला. म्हणाली, अम्मी, काल रात्री साधन फाटलं. आता काय सांगू तुम्हाला, सासूला हे सांगायला पोरीला किती हिंमत लागली असेल. मी आपली सुई खालीवर करत राहिले, तिला बरं वाटावं म्हणून.

इरफानने सकाळीच औषधाच्या दुकानातून गोळी आणली होती. बहात्तर तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं की घेऊन टाक, अंगावर पाजतेस तरी चालेल. पण नसरीन गोळी हातात धरून बसलेली. म्हणे, आपल्यात हे गुनाह असेल तर? जीव मारल्यासारखं होईल का? मौलानांना विचारल्याशिवाय मी घेणार नाही.

आमच्या मशिदीची पद्धत अशी, की बायकांचा काही मसला असेल, म्हणजे धर्माचा प्रश्न, तर नाव न घालता चिठ्ठी लिहायची आणि मौलानांच्या बेगमकडे द्यायची. त्याच चिठ्ठीच्या पाठीमागे ते उत्तर लिहितात. मी लिहिली. पण लाज वाटली हो मला, सत्तरीच्या बाईला. साडीच्या चिठ्ठीसारखं लिहिलं, सुनेला मूल नको आहे, गोळी घेतली तर चालेल का. बस्स.

मंगळवारी दुपारी उत्तर आलं. गर्भ ठरल्यावर तो पाडणं जायज नाही, अल्लाह रोजी देणारा आहे, घाबरू नये. नसरीनने वाचलं, गोळी कपाटात ठेवली आणि बाळाला पाजायला बसली. मला तिच्या जागी माझी आई दिसायला लागली. चूक मौलानांची नव्हती, मीच अर्धं लिहिलं होतं. ऑपरेशन लिहिलं नाही, दोनच दिवस झालेत हे लिहिलं नाही, गर्भ ठरलेलाच नाही हेसुद्धा नाही.

मी बुरखा घातला आणि तशीच निघाले. बेगमला म्हटलं, आज चिठ्ठी नाही, मी स्वतः बोलणार. पडद्याच्या अलीकडे बसले आणि सगळं सांगितलं, रविवारच्या रात्रीपासून, साधन फाटल्याचंसुद्धा. पलीकडून मौलानांनी विचारलं, दोघांची मर्जी आहे? म्हटलं, गोळी इरफाननेच आणली. डॉक्टर काय म्हणतात? म्हटलं, ही गोळी गर्भ ठरायच्या आधीच काम करते, ठरलेला असेल तर त्याला काही करत नाही. तेव्हा ते म्हणाले, खालाजी, हे आधी का नाही लिहिलंत? नबींच्या काळातही नवरा-बायको मूल राहू नये म्हणून काळजी घ्यायचे, त्यांना मनाई झाली नाही. काही आलिमांना, धर्माच्या जाणकारांना, हे पसंत नाही, तेही मी लपवत नाही. पण इथे आईच्या जिवाचा प्रश्न आहे. मला हरकत दिसत नाही. तिला म्हणावं, बिस्मिल्ला करून घे, आणि पुढच्यासाठी डॉक्टरीणबाईंना नीट उपाय विचारा.

रिक्षा करून घरी आले. नसरीनने माझ्यासमोर गोळी घेतली, वर पाणी प्यायली, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तिची पाळी वेळेवर आली ते तिने मला न लाजता सांगितलं, हे मला त्याहून मोठं वाटलं.

आता तिच्या दोन मुली आहेत, दुसरी चार वर्षांनी, तिच्या मर्जीने झाली. आणि आजूबाजूच्या पोरी मसला असला की माझ्याकडून चिठ्ठी लिहून घेतात. मी खोदून खोदून विचारते, सगळं लिहिते. परवा बेगम सांगत होती, मौलाना वैतागलेत, म्हणतात खालाजींच्या चिठ्ठीच्या दोन्ही बाजू भरलेल्या असतात, मी उत्तर कुठे लिहू? मी म्हटलं, त्यांना म्हणावं, वेगळा कागद घ्या. अल्लाह त्यांना उदंड आयुष्य देवो, आणि कागदही.