एकतिसावा स्टॅन्ली

दोष माझ्या आजोबांचा. एलेउतेरिओ आजोबांचा आणि दुसऱ्या कुणाचाही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात म्हाताऱ्यांविषयी वाकडं बोललं की लोक असे बघतात जणू चर्चमध्ये थुंकलो... तुम्हाला सांगतो, या पुएर्तो मांग्लेत होड्या आहेत बावीस, आणि स्टॅन्ली? एकतीस! आणि का? तर एक इंग्रज आला होता बर्फ करायला.

पन्नासएक वर्षांपूर्वी बर्फ कारखान्याचं यंत्र बसवायला हा स्टॅन्ली आला, अकरा दिवस राहिला, उन्हाने भाजून खेकड्यासारखा लाल झाला आणि गेला. पहिली लादी बाहेर पडली त्याच दिवशी आजोबांना धाकटा भाऊ झाला. झालं! अठरा वर्षांच्या आजोबांनी ते बाळ उचललं, आधी लादीला टेकवलं, ते बोंबललं, मग तसंच चर्चमध्ये नेलं. पाद्री म्हणाले, या नावाचा कुणी संत नाही. आजोबा म्हणाले, मग हा होईल. तेव्हापासून ज्याला मुलगा त्याचा स्टॅन्ली. बरं, अर्थ तरी? शाळेतल्या बाईंनी जाड पुस्तकात शोधला: खडकाळ माळ! इंग्रजांकडे आधी ते गावाचं नाव, मग आडनाव, मग पोरांना ठेवायला लागले, मग कंटाळून बरीच वर्षं टाकूनही दिलं म्हणे. ज्यांचं नाव ते कंटाळले, आम्ही नाही!

आता एकतीस म्हटल्यावर शिस्त हवी. शिस्त अशी, की नुसत्या 'स्टॅन्ली' या नावाने जे येईल, पत्र, पार्सल, लग्नाचं आमंत्रण, ते आधी सर्वांत थोरल्याकडे. म्हणजे त्याच बाळाकडे. ते आता बावन्न वर्षांचं आहे, पोट सुटलेलं, एक गुडघा कामातून गेलेला. एका मुलीने मला पाठवलेलं पत्र यांनी वाचलं, बायकोलाही वाचून दाखवलं, आणि मला देताना म्हणाले, मुलगी मनाने चांगली आहे... आणि का? तर एक इंग्रज आला होता बर्फ करायला.

मी एकतिसावा. गोलकीपर. मांता शहरातल्या एका फुटबॉल क्लबचा माणूस आमचा सामना बघायला आला, मी दोन पेनल्टी अडवल्या, दुसरीला तर आजोबा मैदानात येऊन नाचले. तो माणूस म्हणाला, "पोरा, कनिष्ठ संघात एक जागा आहे. पण अठरा पूर्ण व्हायच्या आत घ्यावं लागतं. निरोप पाठवतो." माझा वाढदिवस पुढच्या रविवारी! घरात बसवेना, जेवण जाईना, शेवटी आईने बाबांबरोबर होडीवर हाकललं, म्हणाली, समुद्रात जाऊन थरथर.

आणि बुधवारी निरोप आला. गावात फोन एकच, बर्फ कारखान्यात, आणि तो उचलला कुणी? आजोबांनी. "उद्या सकाळी स्टॅन्लीला पाठवा," इतकंच. आता मैदानात नाचलेल्या माणसाला कोण स्टॅन्ली हे कळू नये? कळलं होतं हो! तरी चार म्हातारे जमवले. वय सांगितलं का? नाही. आडनाव? नाही. मग मान थोरल्याचा. आणि गुरुवारच्या पहिल्या बसने, इस्त्रीचा शर्ट घालून, माझे हातमोजे घेऊन, बावन्न वर्षांचा माणूस गोलकीपर व्हायला गेला.

मी शुक्रवारी किनाऱ्याला लागलो. थोरले स्टॅन्ली अंगणात गुडघ्याला तेल चोळत बसलेले, चेहरा कसा प्रसन्न.

"फार सज्जन माणसं," म्हणाले. "मला तुझा बाप समजले. मासळीचं सूप दिलं, वर कच्च्या केळ्याचा तळलेला गोळा. संध्याकाळपर्यंत थांबले बिचारे. तू का नाही आलास?"

मी शेजारी बसलेल्या आजोबांकडे बघितलं. आजोबा म्हणाले, "रीत मोडली असती तर गावात तोंड दाखवायला जागा राहिली असती का?"

आणि का... जाऊ दे.

त्या एका जागेवर त्यांनी गुरुवारी संध्याकाळीच दुसऱ्या गावचा कुणी तरी घेतला होता. रविवारी मला अठरा पूर्ण झाली. शाळा मी सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी सोडली होती.