लहान पातेलं

दूधवाला : उतर म्हणतो ना खाली, पेंटर!

पेंटर : अरे शेट, 'दूध' लिहून झालंय. एवढं 'नाही' लिहितो आणि उतरतो.

दूधवाला : त्या 'नाही'साठीच तर उतर म्हणतोय! माझ्याच दुकानाच्या कपाळावर 'दूध नाही' लिहितोस? चाळीस वर्षं मी इथे दूध विकलं, काही लाज?

पेंटर : मी कशाला लाजू? तुझ्या लेकीने कागद दिला, मी तो उतरवतोय. हा घे, तूच वाच. 'व्हीगन जेवण. दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही, मटण-मासे नाहीत. तरी पोटभर.' शेवटचा शब्द मला फार आवडला बघ.

दूधवाला : आण इकडे. ढब्बू! ए ढब्बू! आधी बाहेर ये!

लेक : आले, आले. हात पिठाचे आहेत बाबा. केवढ्याने ओरडता, गल्लीतल्या खिडक्या उघडल्या सगळ्या. आणि ढब्बू म्हणू नका हो चारचौघांत. पुढच्या महिन्यात चाळीस पूर्ण होतील मला.

दूधवाला : हे काय आहे?

लेक : पाटी. परवा उघडतोय ना आपण.

दूधवाला : फोनवर तू काय म्हणालीस? म्हणालीस, "बाबा, दुकान नुसतं पडून आहे, मी तिथे हॉटेल काढते, मटण-मासे काही नसतील." मी म्हटलं, काढ बाई. बंद शटरकडे बघत बसण्यापेक्षा बरं. पण दूध नाही हे कधी बोललीस?

लेक : जनावराचं काही नसेल, असं म्हणाले होते मी.

दूधवाला : दूध काय जनावराचं असतं?

पेंटर : मग कुणाचं, माझं?

दूधवाला : तू गप रे. दूध ते दूध. त्याला जनावरात धरायचं नसतं.

लेक : आता सांगितलं ना, बाबा. दूध नाही, दही नाही, लोणी नाही. शेंगा, डाळी, भाज्या, तेल, पाव. चहासुद्धा कोरा.

दूधवाला : मग ऐक. किल्ली आण ती. दुकान बंद होतं, बंदच राहू दे.

लेक : बाबा, मी अकरा वर्षांची नोकरी सोडून आलेय. घर रिकामं करून आलेय. आत भट्टी बसलीय कालपासून.

दूधवाला : भट्टी काढता येते. पेंटर, पुसून टाक ते.

पेंटर : ओला रंग पुसला तर भिंत रडक्या पोरासारखी दिसेल. जरा वाळू दे. तोवर चहा सांग, ढब्बू.

दूधवाला : पहाटे साडेचारला रांग लागायची इथे. आठवतंय ना रे तुला? कॅन उतरायचे, पलीकडच्या घरातले लोक त्या आवाजाने उठायचे. घड्याळं नव्हती लोकांकडे, माझे कॅन होते. या गावातली निम्मी हाडं माझ्या दुधावर वाढलीत.

पेंटर : आठवतंय तर. माझी पोरं किटली घेऊन यायची आणि रस्त्यातच निम्मी संपवायची. घरी येऊन सांगायची, शेटने माप कमी दिलं. एकदा मी भांडायला आलो होतो तुझ्याशी.

दूधवाला : मी तुझ्या पोरांच्या मिशा दाखवल्या तुला. पांढऱ्या.

पेंटर : तेव्हाच तर पाटी रंगवायचं काम दिलंस मला, भांडण मिटवायला. ती गाय! तीन दिवस खपून काढली. वहिनी बाहेर आल्या, पदराला हात पुसत बघत राहिल्या. म्हणाल्या, "भावोजी, चांगली आहे, पण ही हसतेय कशाला?" तेव्हापासून हसणारी गाय म्हणूनच दुकान ओळखायचे लोक.

दूधवाला : आणि आज त्या गाईवर पांढरा हात मारलास.

पेंटर : मारला. मारताना मलाही कसंसंच झालं, खोटं कशाला बोलू.

दूधवाला : बघ, त्यालाही झालं. तुलाच काही वाटत नाही. कुणी शिकवलं गं तुला हे? त्या शहरात असतील असली खुळं, खाऊन खाऊन कंटाळलेल्यांची. आपल्या गावाला कशाला? आणि तुझी आई असती तर? तिने तुला हे करू दिलं असतं? काउंटरवर उभी राहून जिने जन्म काढला, तिच्या दुकानात?

लेक : आईला मध्ये आणू नका, बाबा.

दूधवाला : का आणू नको? तिचंच तर आहे हे सगळं. लोणी काढावं तर तिनेच. दूध नासतंय हे नुसत्या वासावरून सांगायची. तुझ्यासारखी लेक निघेल असं तिला वाटलं नसेल. तोंडात मारल्यासारखं झालं असतं तिला, ही पाटी बघून.

लेक : बाबा, मी बोलणार नव्हते. आईला तसा शब्द दिला होता. पण तिचं नाव घेऊन मला मारणार असाल तर ऐकाच. आईला दूध पचत नव्हतं.

दूधवाला : काहीतरीच.

लेक : कधीच नाही पचलं. माहेरीही नाही. दूध, दही, लोणी, काहीच नाही.

दूधवाला : अगं, माझ्यासमोर रोज सकाळी ग्लासभर दूध प्यायची ती! माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

लेक : ग्लास तोंडाला लावताना बघितलंत. मग तुम्ही काउंटरवर जायचात आणि तो ग्लास मी प्यायचे. माझा एक आणि तिचा एक. उगाच नाही ढब्बू नाव पडलं माझं.

पेंटर : अरे देवा.

लेक : तुम्हाला आठवतं का पेंटरकाका, तुम्ही पाटी रंगवत होतात तेव्हा आई तुम्हाला चहा द्यायची?

पेंटर : आठवतं की. कोरा. दूधवाल्याच्या घरी कोरा चहा! मला वाटलं, वहिनी भलत्याच चिंगूस आहेत. चार ठिकाणी बोललोसुद्धा. आता काय सांगू तुला.

लेक : तिच्या स्वतःच्या किटलीतला चहा होता तो. तुम्ही उन्हात होतात, म्हणून तिने आपल्यातला दिला.

दूधवाला : मला का नाही कळलं मग? एका घरात राहत होतो आम्ही. चौतीस वर्षं.

लेक : लग्न होऊन आली त्याच आठवड्यात आजीने सांगितलं होतं तिला. "दूधवाल्याच्या सुनेला दूध सोसत नाही, हे बाहेर कळलं तर गिऱ्हाईक म्हणेल, दुधातच काहीतरी आहे. पातेली घेऊन दुसऱ्या दारात जातील. माझ्या पोरालाही सांगू नकोस, त्याच्या पोटात काही राहत नाही." झालं. तिने नाही सांगितलं.

दूधवाला : माझ्या आईचं खरं होतं तेवढं. माझ्या पोटात राहत नाही काही.

पेंटर : हो, मला तर दुसऱ्याच दिवशी कळलं असतं.

दूधवाला : पण ती जेवायची ना. आम्ही तिघं जेवायचो.

लेक : तुम्ही आणि मी जेवायचो. ती वाढायची. "तुम्ही व्हा पुढे, मी मागून बसते." मग तुम्ही हात धुवून गेलात की ती आतल्या खोलीत ते लहान पातेलं घेऊन बसायची. एक कान तुटलेलं होतं बघा.

दूधवाला : ते काळं? ते होय... मला वाटायचं, उरलंसुरलं खाते. बायकांना सवय असते म्हणून मी... एकदा चिडलोही होतो. म्हटलं, घरात एवढं असताना भिकाऱ्यासारखं पातेल्यातून काय खातेस?

लेक : ते उरलेलं नव्हतं. तिचं वेगळं केलेलं असायचं. भोपळा, मसूर, वरून तीळ भाजून वाटलेले. नाव नव्हतंच त्याला काही. 'माझं' म्हणायची ती. "जा गं, माझं गॅसवर आहे, बघ करपतंय का." मला एकेक घास द्यायची. बाबा, मी अकरा वर्षं मोठमोठ्या आचाऱ्यांच्या हाताखाली शिकले, पण त्या घासासारखं मला काही करता आलं नाही. आमच्या हॉटेलात एक बाई यायच्या, त्यांनाही दूध चालायचं नाही. सगळे हसत असताना त्या नुसती काकडी चिवडत बसायच्या. मला आई दिसायची. तेव्हा ठरवलं, की असं एक ठिकाण काढायचं जिथे अशा माणसाने सगळ्यांबरोबर बसून जेवावं. आणि काढायचं तर इथेच.

दूधवाला : थांब. थांब जरा. रविवारी तरी ती आमच्याबरोबर बसायची. दुकान अर्धा दिवस असायचं तेव्हा.

लेक : हो, रविवारी बसायची.

दूधवाला : मी तिच्या ताटात लोणी घालायचो.

लेक : हो.

दूधवाला : हा एवढा गोळा. स्वतःच्या हाताने. ती "नको, नको" म्हणायची, मी म्हणायचो, "दूधवाल्याची बायको आणि अशी वाळकी? खा." आणि ती खायची. ढब्बू, ती खायची गं. ते नाही तू खाल्लंस.

लेक : नाही. ते तिने खाल्लं.

दूधवाला : दर रविवारी दुपारी पोट धरून पडायची. मी म्हणायचो, आठवडाभर उभी असते, अंग दुखत असेल. मग डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, पित्त आहे, थंड दूध द्या. मी घरी आलो, सायीचं, पहिल्या कॅनमधलं दूध काढलं आणि उशाशी बसून पाजलं तिला. घोट घोट. डोक्यावरून हात फिरवत.

पेंटर : शेट, पायरीवर बस. बस आधी.

दूधवाला : मी विष पाजलं रे तिला. प्रेमाने पाजलं.

लेक : विष नाही हो, बाबा. दोन तास कळ यायची आणि थांबायची. ती गेली तो आजार वेगळाच होता, हे डॉक्टरांनी शेवटी स्पष्ट सांगितलं होतं आपल्याला. तसलं काही मनात आणू नका.

दूधवाला : पण कळ यायची ना! तिला एक शब्द बोलायला काय झालं होतं? माझी आई तर लग्नानंतर दहा वर्षांत गेली. पुढे तरी सांगायचं.

लेक : मीही हेच विचारलं होतं तिला. कॉलेजात होते तेव्हा. भांडलेच होते. म्हटलं, आजच सांगते बाबांना. तर माझा हात धरला तिने. म्हणाली, "अगं, ते दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलतात. माझ्याशी काय बोलणं असतं त्यांचं? 'कॅन धुतले का', 'शटर ओढ'. रविवारी ते लोणी घालतात ना माझ्या ताटात, तेवढंच काय ते माझ्यासाठी असतं. ते कशाला बंद करतेस? कळ काय, येते आणि जाते."

पेंटर : ...मी जरा ब्रश धुऊन येतो.

दूधवाला : कुठे जाऊ नकोस. इथेच थांब. मी एकटा नाही बसणार आत्ता.

लेक : चुकलंच माझं. बोलायला नको होतं.

दूधवाला : बोललीस ते बरं केलंस. ती गेल्यावर मी दुकान का बंद केलं, माहितेय? लोक म्हणतात, पिशवीचं दूध आलं म्हणून धंदा बसला. धंदा चालला असता. पण सकाळी कॅन उतरवले की मी सवयीने आत बघायचो, आणि आत कुणीच नसायचं. मला वाटायचं, आमचं दोघांचं काय होतं, तर हे दूध होतं. तेच आमचं. आणि आता तू सांगतेस, ते एकट्या माझंच होतं.

लेक : दुकान तुमच्या दोघांचं होतं, बाबा. दूध तुमचं होतं. तिचं वेगळं होतं, एवढंच.

दूधवाला : काय आहे त्यात म्हणालीस? भोपळा?

लेक : भोपळा, मसूर, तीळ. थोडं आलं. आत मांडलंय सकाळपासून. परवासाठी जमतंय का बघत होते.

दूधवाला : आण.

लेक : आत्ता? अजून नीट मुरलं नाही.

दूधवाला : असेल तसं आण. पेंटरलाही आण, तोही उपाशी आहे सकाळपासून. माणूस उपाशी असला की फार बोलतो.

पेंटर : पोट भरल्यावरही बोलतो मी. पण आण, आण.

(लेक दोन वाट्या आणि पाव घेऊन येते. दोघं पायरीवरच खातात.)

लेक : मीठ बरोबर आहे ना?

दूधवाला : चौतीस वर्षं दोन हातांवर हे शिजत होतं आणि मी कधी म्हटलं नाही, की बघू गं काय खातेस, मला दे थोडं. तिने तरी एकदा म्हणायचं होतं, "घ्या, चाखून बघा."

लेक : म्हणाली होती एकदा. मी होते तिथे. तुम्ही म्हणालात, "यात लोणी कुठाय?"

पेंटर : शेट... हे भारी आहे रे. मी तर वहिनींना चिंगूस म्हणालो होतो. कुठे फेडू हे पाप?

दूधवाला : फेड की. शिडी आहे, रंग आहे. चढ वर आणि काय लिहीत होतास ते पुरं कर.

पेंटर : 'नाही' लिहू?

दूधवाला : लिही. आणि मोठ्या अक्षरात लिही. कुणाला आत येऊन विचारायला लागू नये. भीड वाटते माणसांना विचारायची.

लेक : बाबा, नक्की ना? परवा जुने लोक येतील. तोंडावर बोलतील तुम्हाला. हसतील.

दूधवाला : हसू देत. मी काउंटरवर बसेन. दूध मागायला आला कुणी, तर मी सांगेन त्याला काय सांगायचं ते. तू आतलं बघ. आहे का अजून?

लेक : पातेलंभर आहे. आणू? की आता भूक नाही?

दूधवाला : आण. आणि तुझंही वाढून घे.

लेक : तुम्ही घ्या ना दोघं गरम गरम. मी मागून...

दूधवाला : नाही. तू घेऊन ये. मी थांबतो.