सुपारीशिवाय फुंक नाही

डॉक्टर दिनकरराव — फुंका, आश्रुबा. नळी तोंडात धरा. या बाटलीतलं लाल पाणी त्या बाटलीत गेलं पाहिजे.

आश्रुबा — न्हाई जमायचं, साहेब.

डॉक्टर — टाके दुखतात?

आश्रुबा — दुखायलेत की. पर त्याचं काई न्हाई. सुपारी कुठं दिलीय कुणी?

दगडाबाई — डागदरसाब, आमचे मालक वालूरचे शिंगवाले हायेत. लग्नावाल्यानं हातावर सुपारी ठिवल्याबिगर फुंकत न्हाईत.

डॉक्टर — अहो बाई, हे शिंग नाही! उपचार आहे.

आश्रुबा — फुंक ती फुंकच. आमच्या आज्यानं निजामाच्या तहसीलदारापुढं बी फुंकलं न्हाई. तीन दिस कोठडीत व्हता.

डॉक्टर — मग?

आश्रुबा — तिथं चूल बी फुंकली न्हाई. उपाशी ऱ्हायला.

डॉक्टर — निजाम गेला, आश्रुबा. आता आपलं राज्य आहे.

आश्रुबा — मग आपल्या राज्यात तरी सुपारी मिळावी.

डॉक्टर — ऐका. परवा छाती उघडून गाठ काढली. तुम्ही गुंगीत होता, तेव्हा उजवं फुप्फुस मिटून ठेवलं होतं. डाव्यानं दोघांचं काम केलं. आता दोन्ही सुजलीत.

आश्रुबा — डाव्याचं समजलं. उजवं कशापायी सुजलं? ते तर झोपलं व्हतं.

डॉक्टर — मिटलेलं परत उघडलं की सुजतं.

दगडाबाई — आमच्या धाकल्या दिरावानी. उठवलं की तोंड सुजवतंय.

डॉक्टर — फुंकलं नाही तर छातीत कफ साचेल. मग माझ्या हातात काही नाही.

दगडाबाई — म्हंजी?

डॉक्टर — चार दिवसही निघायचे नाहीत, बाई.

दगडाबाई — (पदराची गाठ सोडत) हात करा, डागदरसाब. ही सुपारी. तुमीच द्या. घरच्या बाईची चालत न्हाई.

डॉक्टर — घ्या, आश्रुबा.

आश्रुबा — बोडक्या डोक्यानं सुपारी देता व्हय?

डॉक्टर — माझ्याकडे ऑपरेशनचीच टोपी आहे.

आश्रुबा — पांढरी हाय ना? चालतीय.

डॉक्टर — घातली. आता फुंका!

आश्रुबा — दमा जरा. सुपारी घेतली की वरात दारात पोचस्तोवर थांबता येत न्हाई. वरात जायची कुठं?

डॉक्टर — आता वरात कुठून आणू मी?

दगडाबाई — वालूरला जायची. आपल्या दारात.

आश्रुबा — लय लांब हाय की गं.

दगडाबाई — बाटली मी धरते. फुंकत व्हा पुढं.