दाराला पाठ लावून

दातांच्या दवाखान्यात प्रार्थनाघराचा म्हातारा रखवालदार सुजलेला गाल धरून बसला होता. शेजारच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या. विषय परवाच्या मोर्च्यावर आला, तसे त्याचे कान टवकारले.

"तुझी लेक सगळ्यांच्या पुढे होती म्हणे?"

"पुढे म्हणजे? भोंगाच तिच्या हातात! नव्या कायद्याविरुद्ध तीनशे माणसं जमवली पोरीने."

"आणि प्रार्थनाघरापाशी काय झालं गं?"

"तिथल्या वडीलधाऱ्यांनी कायद्याला पाठिंबा दिलाय ना, म्हणून चारपाच जण चेकाळले. म्हणाले, दारातच बसू आणि बाहेर येणाऱ्या एकेकाला गाठू."

"अगं बाई! आत लेकरंबाळं असतील."

"हेच ती म्हणाली. सरळ दाराला पाठ लावून उभी राहिली. म्हणे, कायदा सभागृहात झालाय, तिथे घसा फुटेस्तोवर ओरडू. इथे माणसं प्रार्थनेला आलीत. त्यांना भिववायला मी मोर्चा काढलेला नाही."

"मग? ऐकलं त्यांनी?"

"दोघं शिव्या देत निघून गेले. बाकीचे आले मुकाट तिच्या मागे. संध्याकाळपर्यंत सभागृहासमोरचा रस्ता दणाणून सोडला!"

"तुझ्यावरच गेलीय."

"छे गं! मी कुठली एवढी धीट?"

रखवालदाराचा नंबर पुकारला गेला. तो उठला, पण आत न जाता त्या आईसमोर थांबला.

"बाई, त्या वेळी त्याच दाराला आतून मी पाठ लावून उभा होतो. कायदा मला अजूनही हवाय, हे लेकीला सांगा. आणि पुढचा मोर्चाही आमच्याच रस्त्याने आण म्हणावं. पाण्याची घागर घेऊन मी बाहेर उभा राहीन."