तुझ्या नवऱ्याच्या बदल्यात

—नाही नाही, बूट राहू देत पायात, फरशी गारठलीय, आणि मी काही आता पुसत बसणार नाहीये. ये आत. ती घरं विकणारी बाई बसू दे गाडीतच, मीच म्हटलं तिला, हीटर लावून बसा, घर मी दाखवते — ती काय दाखवणार, "प्रशस्त स्वयंपाकघर, भरपूर उजेड" — उजेड कसला डोंबलाचा, जानेवारीत सॅस्कटूनला जेवून भांडी आवरेपर्यंत उजेड संपतो. सान्ना ना तू? बरोबर म्हणतेय ना नाव? मी कॉरिन. तुला माहीत असेलच म्हणा. मला तर तुझं नाव त्याच दिवशी कळलं — म्हणजे आमची टेसा, नऊ वर्षांची आहे, बाप दुसऱ्या टीमला चालला म्हटल्यावर रडायच्या आधी विचारते काय, "बदल्यात कोण येतंय?" हॉकीवाल्याची पोर, दुसरं काय विचारणार! मग तिनंच शोधून काढलं. "आई, गोलकीपर आहे. फिनलंडचा. युसो नाव आहे. दात अजून सगळे आहेत त्याचे." शेजारी तुझा फोटो होता, लग्नातला. छान दिसत होतीस. आत्ताही दिसतेस, पण जरा वाळलीस. आणि हा कोट नाही चालायचा हं इथं. सॅन अँटोनियोला चालत असेल. आधी कोट घे, मग घर.

हे स्वयंपाकघर. या टेबलाशी बसून विल्कॉक्स जेवलाय — हो, तोच, लायल विल्कॉक्स, टीमचा मॅनेजर. नवीनच आला होता तेव्हा. त्याच्या आधी आम्ही वर्षानुवर्षं नुसते हरत होतो. लोक डोक्यात कागदी पिशव्या घालून मॅचला यायचे, डोळ्यांपुरती भोकं पाडून — आपली टीम बघायची लाज वाटते म्हणून — पण यायचे हं, नाकातला श्वास गोठेल अशा थंडीत, गाड्या ढकलत यायचे. मग मालकांनी वरचे सगळे काढले नि याला आणला. हा आला तो एकच शब्द घेऊन, पुनर्बांधणी. पेपरात पुनर्बांधणी, टीव्हीवर पुनर्बांधणी. ऐकायला बरं वाटतं, नाही? वाटतं, कुणीतरी विटा घेऊन येतंय. आधी पाडायचं असतं, ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. तर तिथं बसला होता, त्या खुर्चीत. सासूबाई तेव्हा अजून रांधायच्या — त्यांच्या हातच्या पेरोगी, बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, दोनदा मागून घेतल्या, ताटलीतलं कांद्याचं लोणी पावानं पुसून खाल्लं, आणि मायरॉनच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बाकी सगळं बदलणार आहे मी. तू तेवढा मधला खांब. तुझ्याभोवती उभं करायचंय मला हे." मायरॉन लाजला. चौतीस वर्षांचा बाप्या, टीमचा कर्णधार, दोनदा खांदा उघडून शिवलेला — आणि लाजला. मला इतकं बरं वाटलं होतं त्या दिवशी, तुला काय सांगू.

तू ओटा बघतेस ना, बघ, तिथं जरा डाग आहे, तो ब्रिजेटच्या बाळाच्या औषधाचा. ब्रिजेट — तुला कुठून माहीत असणार, तुम्ही यायच्या आधीच पांगले सगळे. तिचा नवरा पहिला गेला. आठवा महिना होता तिला. दुपारी त्याला निरोप आला, संध्याकाळी विमानात बसला, दुसऱ्या दिवशी रात्री तिकडच्या टीमकडून खेळला, गोलसुद्धा केला मेल्यानं. आणि हिला इकडे कळा सुरू झाल्या. मी होते तिच्यापाशी. माझा हात असा आवळला होता की बोटं काळीनिळी. पंधरा दिवस माझ्याकडं ठेवून घेतलं बाळंतिणीला. मग ती गेली. मग दुसरी गेली, तिसरी गेली — पहिलीला निरोप दिला तेव्हा केक काय, फुलं काय, रडारड काय — नंतर नंतर गाडीच्या काचेतून नुसता हात. स्टेडियममध्ये आम्हा बायकांची एक खोली असते, बघितलीस ना? गेल्या वर्षीपर्यंत तिथं बसायला जागा नसायची. यंदा मी एकटी, आणि सगळ्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरी, नव्या पोरांच्या मैत्रिणी. मी आत गेले की उठून उभ्या राहायच्या गं. "अहो, बसा ना तुम्ही." अहो! मी घरी येऊन आरशात बघितलं.

पण मला वाटायचं, आपलं काय, आपण खांब. हसतेस? हस. मलाही येतं हसू. मग एका शनिवारी — मायरॉन मागच्या अंगणात नळीनं पाणी सोडत होता, टेसासाठी बर्फाचं मैदान करतो दरवर्षी, हे बघ, या खिडकीतून दिसतं, अर्धंच राहिलंय — तर फोन आला, आणि तो आत आला, हातमोज्यातून पाणी गळतंय, म्हणाला, "सॅन अँटोनियो." एवढंच. मला आधी वाटलं मॅचचं सांगतोय. मी म्हटलं, "कधी?" म्हणाला, "उद्या पहाटे." बस. एका फोनवर. इतकी वर्षं ज्या टीमसाठी हाडं मोडून घेतली, तिनं पोत्यासारखा उचलला नि दिला टाकून. माझ्या नवऱ्याच्या बदल्यात तुझा नवरा, आणि वर एक अजून शाळेत असलेला, अजून कुणी निवडलेलाही नाही असा कुठला तरी पोरगा, पुढच्या उन्हाळ्यात नव्या पोरांची निवड होईल तेव्हा निवडतील तो. म्हणजे जो अजून कोण आहे हेच कुणाला ठाऊक नाही, तोसुद्धा मायरॉनपेक्षा—

काय म्हणालीस?

नाही, युसोच्या करारात नसणारच तसलं काही. त्याला कोण देणार? तेवीस वर्षांचं पोर. ते जुन्या लोकांना मिळतं, भांडून मिळवावं लागतं, आम्ही किती भांडलो होतो त्या एका ओळीसाठी, सासूबाईंकडं बघून, म्हटलं या वयात त्यांना कुठं हलवायचं — खेळाडूच्या संमतीशिवाय त्याला दुसरीकडं—

हो. होतं. मायरॉनच्या करारात होतं.

बस जरा. तूही बस. मी कॉफी टाकते. — हे बघ, मी हे कुणाला बोलले नाहीये. पेपरवाल्यांनी लिहिलं "कर्णधाराला काढलं", मी वाचलं, गप्प बसले. शेजारणी येऊन विल्कॉक्सला शिव्या घालून गेल्या, मीही त्यांच्याबरोबर घातल्या. मला तरी कुठं माहीत होतं! मायरॉन गेल्यावर दोन दिवसांनी मी त्याचं सामान आणायला स्टेडियमवर गेले, तर जिन्यात विल्कॉक्स. माझं डोकंच फिरलं. मी ओरडले गं त्याच्यावर, सगळ्यांसमोर. "माझ्या टेबलावर जेवलास तू! माझ्या सासूच्या हातचं खाल्लंस!" तो ऐकून घेत उभा. सगळं ऐकून घेतलं, मग मला बाजूला नेलं नि म्हणाला, "कॉरिन, मी त्याला विचारलं होतं. नाही म्हणालास तरी चालेल, असंच सांगितलं होतं. आठवडा दिला होता विचार करायला. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा होकार आला." मी म्हटलं, "खोटं." तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय." आणि सान्ना, त्याचा चेहरा बघितला मी. खोटं नव्हतं. त्यालाच वाईट वाटत होतं. त्या माणसाचा मला आता रागही येत नाही, तेवढंही ठेवलं नाही त्यानं माझ्याकडं.

आठवडाभर घरात होता गं! जेवला, टेसाचा अभ्यास घेतला, मला म्हणाला गाडीचं तेल बदलून आणतो. सगळं आठवडाभर पोटात घेऊन. कॉफीत दूध? — आणि तो शनिवारचा फोन, तो नुसता कळवायचा फोन होता, ठरलेलं होतं सगळं.

तो? तो जिना तळघरात जातो. नको, खाली नको जायला. खाली सासूबाई असतात. म्हणजे आता झोपल्या असतील. छान खोली आहे तशी, गरम आहे, न्हाणीघर वेगळं आहे. त्यांच्यासाठीच करून घेतली. वाकॉकडं शेती होती त्यांची, सासरे गेल्यावर मायरॉननं इथं आणलं. गेली दोन वर्षं त्यांचं विसरणं सुरू झालंय. आधी चष्मा, मग गॅस, मग माणसं. मधूनच युक्रेनियन बोलतात, माझ्याशीसुद्धा, मी हो हो करते. दिवसभर हॉकी बघतात, जुन्या मॅचेस लावून ठेवते मी. हेल्मेटातला मायरॉन बरोब्बर ओळखतात, बघ. आवाज बंद असला तरी ओळखतात, कसा वाकतो त्यावरून. पण घरातला...

मी त्याला फोनवरच विचारलं, सरळ. "होकार का दिलास?"  मग म्हणाला — ज्या दिवशी विल्कॉक्सनं विचारलं, त्या संध्याकाळी नाहीच म्हणायचं ठरवून घरी आला होता. खाली आईपाशी जाऊन बसला. टीव्हीवर त्याचीच मॅच चालू होती, कुठली तरी जुनी. आणि त्या टीव्हीकडं बोट दाखवून त्याला म्हणाल्या, "हा माझा मुलगा बरं का. गुणी आहे. वेळेवर जेवत नाही तेवढं." मग त्याच्याकडं वळून विचारतात कशा, "तुम्हाला काय, मुलंबाळं?"

तुम्हाला.

तो म्हणाला, "एक मुलगी आहे." त्या म्हणाल्या, "छान." मग पुन्हा टीव्ही बघायला लागल्या. हा बसला होता तिथं शेजारी, म्हणे मॅच संपेपर्यंत. मला म्हणतो, "कॉरिन, मी तिच्यासाठी थांबणार होतो. पण ती ज्याची वाट बघते तो मी नाहीचे. मला नाही बघवत." नाही बघवत! मग मला बघवतं? मी काय लाकडाची आहे? त्याच्या करारात होतं हो किंवा नाही म्हणायचं — माझ्या करारात आहे का काही? मला कुणी विचारतंय, कॉरिन, तुझ्या बदल्यात कुणी पाठवू का?

रडू नकोस गं. तू कशाला रडतेस, तुझा काय दोष? तुला तरी कुणी विचारलं? सहा महिने झाले नसतील तिकडं घर लावून. भिंतीला खिळेसुद्धा... मी म्हणणार होते तुला, खिळे ठोकू नकोस कुठं, खोक्यांवरच झोप. आत्ता दार उघडताना अगदी ओठावर होतं. पण नको. ठोक खिळे. कुठंही गेलीस तरी ठोक. — आणि चांगला आहे हं तुझा नवरा. परवा मी बघितलं, तो शेवटचा गोल कसा अडवला, आडवा पडून. लोक त्याचं नाव घेऊन ओरडत होते. पिशव्या दिसल्या नाहीत कुणाच्या डोक्यात. जिवावर येतं सांगायला, पण चांगला आहे.

सासूबाईसुद्धा बघत होत्या. विचारत होत्या, मायरॉन कुठाय? रोज विचारतात. मी सांगते, दुखापत झालीय. एकदा खांदा, एकदा गुडघा, एकदा घोटा — सगळा माणूस मोडून झालाय माझा आत्तापर्यंत. एकदा वाटलं, खरंच दाखवावं, सॅन अँटोनियोची मॅच लावली. वेगळा शर्ट, वेगळा नंबर. बराच वेळ बघितलं त्यांनी. मग म्हणाल्या, "तो मागचा फार दमलाय गं बिचारा. कुणाचा आहे?" — मी टीव्ही बंद केला.

मायरॉनचं म्हणणं, घर विकून टाक. आईला वाकॉजवळ म्हाताऱ्यांची संस्था आहे, चांगली आहे, त्यांच्या भाषेतल्या बायका आहेत तिथं, तिकडं ठेवू, तू आणि टेसा इकडं या. चूक नाही त्याचं. मीही सही केली, घर काढलं विकायला, सकाळपासून झाडून पुसून ठेवलं तुझ्यासाठी. खालचं नाही झाडलं फक्त. खाली झाडायला गेले, तर पलंगाच्या कडेला बसून केस विंचरत होत्या. मला बघून म्हणाल्या, "कॉरिन, पाहुणे यायचेत का?" कॉरिन म्हणाल्या. अगदी स्पष्ट. मला अजून ओळखतात गं त्या. टेसाला नाही, त्याला नाही. मला ओळखतात.

तू म्हणतेस थांबू आम्ही, उन्हाळ्यात घेऊ — नको. तू चांगली आहेस म्हणून म्हणतेस, पण नको. उन्हाळ्यातही नाही. देत नाही मी हे घर. त्याला काय सांगायचं ते सांगेन मी, संध्याकाळी सांगेन, ओरडला तर ओरडू दे. तुला एवढ्या थंडीत उगाच आणलं, माफ कर. नदीपलीकडं बरी घरं आहेत, त्या बाईला विचार. कॉफी राहू दे तशीच, कप मी विसळते.

— हो! आले हो, आई! आले, आले, उठू नका तुम्ही! — पायऱ्या चढतील नाहीतर. जा तू. आणि बाहेर अंगणात ती पाटी रोवलीय ना विक्रीची, तेवढी जाता जाता उपटून टाक. गोठलीय जमिनीत, हलणार नाही पटकन, जोर लाव. जा. दार ओढून घे, वारा येतोय आत.