शेवटच्या ओळीतलं नाव

(शाहूपुरीतल्या एका छोट्या ऑफिसचा वरचा मजला. राजनंदिनी आणि तिचा भागीदार मुजम्मिल संगणकापुढे. कोपऱ्यातल्या खुर्चीत राजनंदिनीचे वडील, मुरगूडचे कीर्तनकार आण्णा, उपरणं डोळ्यांवर ओढून टेकलेले.)

मुजम्मिल : हे तू लिहिलंस?

राजनंदिनी : मग कुणी? माझ्याच संगणकावर हाय की.

मुजम्मिल : नंदे, सम्राटनं सकाळी दुरुस्ती पाठवली, ती मी वाचलीय. ही तीच हाय. नुसती टोपी बदललीस. त्यानं प्रोग्रामच्या ज्या तुकड्याला 'जागर' म्हटलं, त्याला तू 'उठवणी' म्हटलंस.

राजनंदिनी : हळू बोल. आण्णा झोपलेत.

आण्णा : आण्णा झोपलेले न्हाईत. संध्याकाळी मंगळवार पेठेत कीर्तन हाय, म्हणून घसा झाकून बसलोय. चालू द्या तुमचं.

मुजम्मिल : काय न्हाय आण्णा, कामातलंच.

आण्णा : सम्राट म्हंजे तोच न्हवं? तुमी तिघांनी हे 'धृपद' काढलं, त्यातला तिसरा?

राजनंदिनी : काढलं दोघांनी. तो मधीच सोडून गेला.

आण्णा : नाव तर मीच दिलतं. कीर्तनकार कथेत कुठंबी हिंडून येऊ दे, धृपदावर परत यायला लागतंयच.

मुजम्मिल : आमच्या गेमचंबी तेच हाय. खेळणारा कुठंबी पळू दे, गेम दर क्षणाला ह्या धृपदच्या सांगाड्याकडं येऊन विचारतोय, आता पुढं काय. चित्र, आवाज, बटणं, सगळं सांगाडा सांभाळतो. लोकांनी वर फक्त आपापला खेळ बसवायचा. सांगाडा सगळ्यांना खुला, चूक दिसली तर कुणीबी दुरुस्ती पाठवावी. संगणकावर चालतो, टीव्हीला जोडायच्या कन्सोलवरबी चालतो.

राजनंदिनी : चालतो म्हणू नको. रडतोय.

आण्णा : का रडतोय?

राजनंदिनी : कन्सोल झोपवला आणि परत उठवला, की चित्र येतंय, आवाज येत न्हाय.

आण्णा : माइक गेलेला बुवा. तोंड हलतंय, लोक जांभया देत्यात.

मुजम्मिल : तसंच. आणि वारणानगरच्या निशिगंधानं आणि तिच्या मैत्रिणींनी आपल्या धृपदवर जो गेम केलाय, तो सगळा आवाजाचाच हाय. विहिरीत उतरायचं, पडदा काळा, पाणी कुठं ठिबकतंय ते ऐकून वाट काढायची. आता थोड्या वेळात पुण्यात मोठ्या लोकांपुढं दाखवायचाय. मधल्या सुट्टीत कुणी कन्सोल झोपवला तर विहीर मुकी. पोरींचं वर्ष गेलं त्यात.

आण्णा : मग दुरुस्ती आलीय म्हणताय न्हवं? घाला की.

मुजम्मिल : तिलाच विचारा.

राजनंदिनी : घालतोयच की मी. माझ्या हातानं लिहून घालतो. कुणाचं काय जातंय?

मुजम्मिल : त्याची दुरुस्ती त्याच्याकडनं घेतली, तर त्याचं नाव आपल्याबरोबर चढतंय, आण्णा. धृपदवर केलेला कुठलाबी गेम संपला की शेवटी आमच्या नावांची पाटी येते. त्यात सम्राटबी येणार. ते हिला नकोय.

राजनंदिनी : का हवं? आण्णा, दसऱ्याला पूजेला आलता. संगणकाला हार घातला, तुमच्या पाया पडला, आपट्याची पानं दिली. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर एक ओळ. मी बेंगळुरूला जॉइन होतोय. आवाजाचं काम अर्ध्यावर. मुजम्मिलच्या अब्बांचं ऑपरेशन त्याच आठवड्यात. मी एकटीनं खिंड लढवली इथं.

मुजम्मिल : माझ्या अब्बांना मधी घेऊ नको. ते त्याला विसरलेत. अम्मी तर हुपरीत अजून विचारती, तो बारका गोरा पोरगा जेवाय का येत न्हाय.

राजनंदिनी : त्यानं लिहिलेला आवाजाचा भाग मी मुळापासनं उपटला. परत लिहिला. का, तर त्याचं काय म्हणून राहू नये.

मुजम्मिल : आणि चूक नेमकी त्याच भागात निघाली.

राजनंदिनी : टोच, टोच अजून.

मुजम्मिल : टोचत न्हाय. आमच्याकडं पैंजण करताना एक कडी कच्ची राहिली, तर शेजारचा कारागीर जोडून देतोय. आपण त्याला चहा पाजतो. कडी मीच जोडली म्हणून गावभर सांगत न्हाय.

राजनंदिनी : शेजारचा कारागीर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पळून गेलेला नसतोय. आण्णा, तुमीच सांगा की, मी चुकतोय का.

आण्णा : मला त्यातलं काय कळतंय? बाळासोचं तेवढं कळतंय.

राजनंदिनी : आता बाळासो कुठनं आला मधी?

मुजम्मिल : कोण बाळासो?

आण्णा : आमच्या रानाला रान लागून हाय त्याचं. बांध कोरतोय. माझं-त्याचं बोलणं बंद. पण त्यानं एक आरती रचलीय, लई गोड. गावात कीर्तन उभं राहिलं की शेवटाला मी तीच घेतो. शेवटच्या ओळीत त्याचं नाव हाय, 'बाळासो विनवी' म्हणून. ती ओळ आली की त्याची म्हातारी आई चिमणाबाई बायकांत खाली मान घालून बसती.

राजनंदिनी : म्हंजे त्याला माफ केलं तुमी.

आण्णा : कशाला? बांध कोरतोय की अजून. मोजणी आणणार हाय मी.

मुजम्मिल : आणि आरती?

आण्णा : आरतीनं कुठं बांध कोरलाय?

राजनंदिनी : तुमचं सोपं हाय, आण्णा. तुमचा बाळासो तुमच्याबरोबरचं काम टाकून गेलेला न्हाय.

आण्णा : सोपं कोण म्हणतंय? नाव घेताना घशात काटा लागतोय. लागू दे. घोट घेतो पाण्याचा आणि म्हणतो.

मुजम्मिल : नंदे, निशिगंधाचा मेसेज. स्टेजवर बोलवायला लागलेत म्हणती. आवाजाचं झालं का विचारती.

राजनंदिनी : तिला सांग, पाच मिनिटं.

मुजम्मिल : तुझी घालतेस का त्याची?

राजनंदिनी : माझी कुठली, तीबी त्याचीच. पुसली. हे बघ, सम्राटचीच घेतली, नावासकट. झालं समाधान? पाठवून दे तिला.

मुजम्मिल : पाठवली. थांब, आपल्याकडं बघू. झोपवला. आता उठव.

राजनंदिनी : उठवला.

आण्णा : पाणी ठिबकतंय की.

मुजम्मिल : ठिबकतंय, आण्णा.

राजनंदिनी : मी त्याला फोन करणार न्हाय. आत्ताच सांगून ठेवतो.

मुजम्मिल : कोण कर म्हणतंय?

राजनंदिनी : आभाराची ओळसुद्धा न्हाय.

आण्णा : नगं. माझी पिशवी दे. टाळकरी वाट बघत असतील.

राजनंदिनी : आण्णा, आज आरती कुठली घेणार?

आण्णा : बाळासोची.

राजनंदिनी : इथं मंगळवार पेठेत बाळासोला कोण वळखतंय?

आण्णा : कोण न्हाय.

राजनंदिनी : मग शेवटची ओळ सोडली तरी चालंल की. चिमणाबाईबी नसणार.

आण्णा : चालंल. पण चाल तिथं जाऊन टेकतीया, बाळ. मधीच सोडली तर टाळ हातात तसंच राहत्यात.