अ‍ॅपला लेबल कुठे चिकटवायचं?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या विद्यापीठाचे मुख्य ग्रंथपाल माननीय कुंग सर. व्यासपीठावर विराजमान झालेले हिशेब खात्याचे माननीय यू साहेब. सत्कारमूर्ती आणि आपणा सर्वांच्या ल्याओताई. ताईंचे यजमान, ज्यांना ग्रंथालयाच्या आत आज प्रथमच पाहतो आहे. सहकारी बंधुभगिनींनो, आणि मागच्या रांगेत टर्की-भाताच्या डब्यांवर डोळा ठेवून बसलेल्या विद्यार्थी मित्रांनो,

व्यासपीठावर येताना नियतकालिक विभागाच्या फांगताईंनी माझी बाही धरली आणि बजावलं, "आ-कै, विषय सोडायचा नाही." आता काय सांगू? मी आजवर कॉलेज सोडलं, मासेमारीची बोट सोडली, पेंगहू बेटावरचं भाड्याच्या स्कूटरींचं दुकान सोडलं. तिथला वारा म्हणजे, मंडळी, उभी केलेली स्कूटर आपोआप पुढच्या गल्लीत... असो. फांगताई बघतायत.

विषय गंभीर आहे. ल्याओताई आज निवृत्त होतायत आणि त्यांच्या नावावरची सगळी अ‍ॅप ताब्यात घ्यायला कोणी तयार नाही. आपल्याकडे सरकारी पैशाची प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी नावावर असावी लागते, हरवली तर जबाबदारी त्याची. आज संध्याकाळपर्यंत सही झाली नाही, तर विद्यार्थ्यांना घरी न्यायला देतो ते सगळे टॅब कपाटात जाणार आणि कपाटाची किल्ली यू साहेबांकडे. फांगताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "अरे बाबा, खुर्ची हरवली तर जिन्याखाली शोधीन. अ‍ॅप हरवलं तर कुठे शोधू?" प्रश्न रास्त आहे.

मी टॅबच्या खिडकीवर कामाला आलो, तेव्हा कुंग सरांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं होतं. "ल्याओताई, हा टिकेल?" ताई माझ्या देखत म्हणाल्या, "महिनाभर फुकट वापरून बघू, सर. नाही पटला तर काढून टाकू." मला राग आला. माणसाबद्दल असं बोलतात का? मग कळलं, टॅबवर कोणतं अ‍ॅप घ्यायचं ते ताई ठरवतात आणि त्यांना दुसरी भाषाच उरलेली नाही.

अ‍ॅप निवडणं म्हणजे ताईंच्या दृष्टीने स्थळ बघणं. प्राध्यापक मंडळी सुचवतात, कंपनीवाले गोडगोड बोलतात, ताई चहा पाजतात आणि होकार देत नाहीत. आधी ते अ‍ॅप घरी नेतात, बसमध्ये वापरतात, भाजी चिरताना वापरतात. सकाळी निकाल. "आ-कै, याचं वागणं बरं नाही. आल्या आल्या माझ्या फोनमधली सगळी माणसं विचारतंय. हाडांची चित्रं दाखवणाऱ्याला माझ्या जावेचा नंबर कशाला हवा?" किंवा, "दिसायला देखणं आहे रे, पण दर महिन्याला हात पसरणार. पैसे थांबले की भिंतीकडे तोंड करून बसणार." पक्ष्यांच्या आवाजाचं अ‍ॅप त्यांनी वाचनकक्षात तपासलं. घुबड इतकं खणखणीत ओरडलं, की आपले रखवालदार जाळी घेऊन आले. ताई म्हणाल्या, "घ्यायला हरकत नाही. रखवालदार फसला म्हणजे आवाज अस्सल आहे."

यजमान मान डोलावतायत. साहेब, तुम्हालाही असंच महिनाभर...? बरं, नंतर बोलू.

तर, शरीररचनेचं अ‍ॅप. परिचारिका विभागाच्या मुलींना ते हवं होतं. त्यातली पेई-रू, ही बघा, डब्यांच्या सगळ्यात जवळ बसली आहे, सकाळी नाश्त्याच्या दुकानात अंड्याच्या पोळ्या करायची, दुपारी इस्पितळात शिकायची. हिच्या फोनच्या काचेला इतके तडे, की कवटी उघडली तर फुटलेलीच दिसणार. तिच्यासारख्यांना आपला टॅब हाच आधार. ताईंनी ते अ‍ॅप पारखलं, घेतलं आणि हिशेब खात्याकडून चंदेरी लेबलं आली. नियमच आहे: वस्तूला लेबल लावायचं, लेबलासकट फोटो काढायचा.

ताईंनी फोन केला. "यू साहेब, ही वस्तू नाही हो. अ‍ॅप आहे."

साहेब म्हणाले, "वस्तू नाही? मग तुम्ही घेतलंत काय?"

ताईंनी लेबल घेतलं आणि काचेवर, बरोब्बर त्या अ‍ॅपच्या चित्रावर चिकटवलं. नियम पाळला गेला, अ‍ॅप उघडेना. पण पोरं हुशार. टॅब आडवा केला की चित्र लेबलाखालून सरकून बाहेर यायचं. फक्त मग लेबल कवटीच्या नाकावर. परिचारिकांची एक अख्खी तुकडी नाकाचं हाड न बघता पुढच्या वर्गात गेली आहे. नाक दुखत असेल, तर इस्पितळ जरा विचारून निवडा.

आणि मग तपासणीचा दिवस उजाडला. त्याच सकाळी पेई-रूची परीक्षा होती आणि नाकावर प्रश्न येणार अशी कुणकुण होती, म्हणून तिने लेबल नखाने सोलून काढलं. साहेब खिडकीपाशी आले, टॅब हातात घेतला.

"लेबल कुठाय?"

पेई-रूने अंगठा मुठीत लपवला.

"लेबल नाही म्हणजे वस्तू नाही. टॅब कपाटात ठेवा."

पेई-रू रडायच्या बेतात. ताई मात्र साहेबांकडे टक लावून बघत होत्या. म्हणाल्या, "साहेब, उजवा खांदा अवघडलाय का हो? मघापासून चोळताय."

"तो विषय नाही, ताई."

"पोरी, बघ गं काय होतंय ते."

पेई-रूने अ‍ॅप उघडलं, काचेवर खांदा आणला, वरची कातडी बोटाने बाजूला केली, एकेक स्नायू उचलला आणि एका जागी थांबली. मग साहेबांच्या खांद्यावर अंगठा ठेवून दाबलं.

"आई गं!" साहेब ओरडले. वाचनकक्षातल्यांना वाटलं, घुबड परत आलं.

ताई शांतपणे म्हणाल्या, "हीच ती वस्तू, साहेब. मिळाली ना?"

साहेबांनी हात हळूहळू वर केला. अगदी वर गेला! पेई-रूच्या अंगठ्याला अडकलेलं चंदेरी लेबल एव्हाना त्यांच्या कोटावर बसलं होतं. ताई लगेच म्हणाल्या, "आ-कै, फोटो काढ." वस्तू लेबलासकट फोटोत आली आणि टॅब खिडकीवर राहिले. साहेब तसेच घरी गेले, खांद्यावर 'ग्रंथालयाची मालमत्ता' घेऊन. बाईसाहेबांनी ते लेबल अजून काढू दिलेलं नाही, असं ऐकतो. साहेब हसतायत, म्हणजे खरं असावं.

अशी माणसं, अशी निवड. आणि हे सगळं कपाटात जाऊ द्यायचं?

मंडळी, नववर्षानंतर मी पूर्वेकडे जाणार होतो, एकाच्या सीताफळांच्या बागेत. पिशवी भरलेली आहे. माझ्या नावावर आजवर साधी सायकलसुद्धा नाही, आणि काल ताईंनी विचारलं, "हाडं, तारे, पक्षी, सगळं तुझ्या नावावर करू का?" मी म्हटलं, बघतो. रात्रभर बघितलं, आता इथे उभा राहूनही बघतोच...

काय म्हणालात, ताई? मागे ऐकू गेलं नसेल, म्हणून सांगतो. ताई म्हणतायत, "आ-कै, फुकट वापरायची मुदत संपली रे. आता ठेवायचं की काढायचं, बोल."

यू साहेब, पेन द्या.

ताई, आपले, कुंग सरांचे आणि सर्व उपस्थितांचे मनापासून आभार. बोलताना कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाच्या मानाला धक्का लागला असेल, तर तेही माझ्याच नावावर टाका. आजपासून सुरुवात झालीच आहे. फक्त साहेब, लेबल कपाळावर नको.